आजच्यापुरती भाकर : विश्वासाने जगायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी जन्माने ख्रिस्ती. आमचं घर नगरकडच्या खेड्यातलं, आजोबा मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, पंच. तरी पस्तिशीपर्यंत माझा विश्वास नाताळच्या करंजीसारखा होता : वर्षातून एकदा, आणि हलवून पाहिला तर आत खुळखुळणारा. मग नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली नोकरी गेली. कंपनीला टाळं लागलं आणि मी सात महिने घरी बसलो. त्या काळात भेटेल तो तीनच गोष्टी सांगायचा : प्रार्थना कर, नम्र हो, देवावर भरवसा ठेव. सल्ले खरे होते. पण सोमवारी सकाळी सहाला उठून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगेना. मी चुकतमाकत जे शिकलो ते इथे लिहितोय. मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही, शॉप फ्लोअरवर क्वालिटी तपासणारा माणूस आहे. म्हणून चेकलिस्टची सवय जाणवेल, ती चालवून घ्या.

जवळ काय असावं

- छापील मराठी बायबल. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलात ७३. भाषांतरंही दोनतीन प्रकारची आहेत, जुन्या वळणाची आणि सोप्या भाषेतली. ज्या मंडळीत जाणार तिथे जे वाचतात तेच घ्या, म्हणजे रविवारी पानं शोधताना घाम फुटत नाही.
- दोनशे पानी वही.
- साधं गजराचं घड्याळ. मोबाईलचा गजर लावला की गजर बंद करताना व्हॉट्सॲप उघडतं, आणि सकाळ तिथेच संपते.
- बाप्तिस्म्याचा दाखला, असेल तर. त्याबद्दल पुढे.
- एक वडीलधारं माणूस, ज्याला तुम्ही खरं सांगू शकाल. हे दुकानात मिळत नाही, पण याच्याशिवाय बाकीचं सामान फार दिवस टिकत नाही.

१. आधी जागा ठरवा, मग वेळ

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे आई, बायको, दोन पोरं आणि टीव्ही नांदतात, तिथे ही खोली कुठून आणायची? मी आधी गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी स्टूल टाकलं. पावसाळ्यात तिथे वाळत घातलेले कपडे डोक्यावर यायला लागले, तेव्हा जिन्यातल्या वरच्या पायरीवर गेलो. अजून तिथेच आहे. शेजारच्यांना सुरुवातीला वाटलं मी चोरून विडी ओढतो.

वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. शिफ्टची नोकरी असेल तर हे फार महत्त्वाचं. या आठवड्यात सात ते तीन, पुढच्या आठवड्यात तीन ते अकरा, मग रात्रपाळी : 'रोज पहाटे पाच वाजता' हा निश्चय दहा दिवसांत मोडतो आणि मग आपणच मोडल्यासारखं वाटतं. मी ठरवलं, बूट घालायच्या आधी. शिफ्ट कुठलीही असो, बूट घालावेच लागतात. दहा मिनिटं पुरतात.

सापळा : पहिल्या आठवड्यात तासभर, दुसऱ्या आठवड्यात शून्य. नवशिक्यांपैकी बहुतेक जण इथेच गळतात, मीही दोनदा गळलो. दहाची पंधरा मिनिटं करायची तर महिन्याभराने करा.

२. बोलायचं काय?

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या, पण एका दमात म्हणू नका. एकेका ओळीवर थांबा. मी एका वेळी अख्खा महिना एकाच ओळीवर अडलो होतो : 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे.' रोजची, आणि आज. वर्षभराची नाही, पोरांच्या बारावीपर्यंतची नाही. हिशेबाचं डोकं असलेल्या माणसाला ही मागणी अपुरी वाटते. माझी तर पहिली प्रतिक्रिया 'एवढंच?' अशी होती.

मग रोज एक स्तोत्र वाचा. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, म्हणजे पाच महिन्यांची सोय झाली. तेविसावं सगळ्यांना पाठ असतं. पण तेरावं वाचा, ते 'किती काळ?' या तक्रारीनेच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटीही उजाडत नाही. ही प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे हे मला कळलं तेव्हा हायसं वाटलं. देवासमोर चेहरा नीट करून जायची गरज नाही.

भाषेचं एक सांगतो. आपल्याकडे डोळे मिटले की माणसाची मराठी बदलते. एरवी 'काय रे बाबा' म्हणणारा माणूस एकदम 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानितो' असं बोलू लागतो. उपासनेत ते शोभतं, पिढ्यान्‌पिढ्यांची ती भाषा आहे आणि मला ती आवडते. पण जिन्यावर एकटे असाल तेव्हा आईशी बोलता त्या भाषेत बोला. अहिराणी असेल तर अहिराणीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओव्यांत गायली, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांची गीतं आजही उपासनेत म्हटली जातात. परक्या भाषेत रडू येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

वहीत डाव्या पानावर पाच नावं लिहा, पाचच. ज्यांच्यासाठी रोज मागायचं ती माणसं. उजवं पान कोरं सोडा, त्यांचं पुढे काय झालं ते तारखेसह लिहायला. एक नाव असं ठेवा, जे लिहिताना पेन जड होईल.

काही दिवस आतून काहीच येत नाही. तेव्हा तयार प्रार्थना म्हणा, त्यात कमीपणा नाही. कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ होते, तिचं मोल मला अशाच कोरड्या दिवसांत कळलं : स्वतःचे शब्द संपले की दुसऱ्यांचे हात धरून चालायचं.

सापळा : नवस. हा आपल्या मातीतला सापळा आहे, म्हणून जरा विस्ताराने. नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते. सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगेत उभी असतात, आणि त्या रांगेतल्या कुठल्याही आईच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नसतं. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या स्वतःबद्दल आहे. मीही त्या रांगेत उभा राहून सौदा केला होता : महिनाअखेर नोकरी दे, पहिल्या पगाराचा दहावा हिस्सा तुझा. महिना संपला, काही झालं नाही, आणि मी देवावर असा रुसलो जसा एखाद्या कंत्राटदाराने काम अर्धवट टाकलंय. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलं होतं, अगदी स्पष्ट, हा प्याला टळू दे म्हणून. पण त्याच श्वासात, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागा. हवं ते नाव घेऊन, संकोच न करता मागा. फक्त दर ठरवू नका.

३. मंडळी धरा, कागद मागवा

एकट्याने हे होत नाही. मी खूप प्रयत्न केला.

नाशकात पर्याय भरपूर आहेत : कॅथलिक चर्च, उत्तर भारतीय मंडळी म्हणजे सीएनआय (१९७० साली वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ती झाली), आणि घरात किंवा हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या सहभागिता, म्हणजे फेलोशिप. घरातली परंपरा असेल तिथून सुरुवात करा. एका ठिकाणी निदान सहा रविवार सलग जा, मगच मत बनवा. बँड चांगला म्हणून इथे, पार्किंग आहे म्हणून तिथे, असं फिरत राहिलात तर वर्षभराने सगळी गाणी येतील आणि नाव मात्र कुणालाच माहीत नसेल.

शरणपूर रोडवरून जाल तेव्हा त्या नावाकडे एकदा नीट पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली गेली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी तो देह महिनोन्‌महिने पायी वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. त्यांत शरणपूरला शिकलेला हा मुलगा होता, आणि पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीतही तो होता. आपण त्या रस्त्याला फक्त ट्रॅफिकसाठी ओळखतो.

आता कागद. दुसऱ्या गावाहून आला असाल तर जुन्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला आणि सभासदत्व बदलीचं पत्र आणा. कॅथलिक असाल तर पॅरिशच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा उतारा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी, कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याचीही नोंद पाहा. हे आजच करा. चर्चमध्ये लग्न ठरलं की हेच कागद मागतात, आणि तेव्हा गावाकडचे पाळक बदललेले असतात, रजिस्टर कपाटात असतं आणि किल्ली कुणाकडे तरी असते. आजोबांच्या काळातल्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर तेही याच वेळी पाहून घ्या. मला तीन फेऱ्या पडल्या.

बाप्तिस्मा झालेला नसेल, किंवा तुम्ही दुसऱ्या धर्माच्या घरातून येत असाल, तर घाई करू नका आणि कुणाला करू देऊ नका. पाळक किंवा फादर तयारीचे वर्ग घेतात, तिथे बसा, शंका विचारा. चांगला पाळक तुम्हाला थांबायला सांगेल.

४. नम्रता चहाच्या कपांपासून शिकतात

मी नव्याने चर्चला जाऊ लागलो तेव्हा मला शास्त्रवाचन दिलं. आवाज बरा आहे. दोन महिन्यांत मी स्वतःला मंडळीचा आधारस्तंभ समजू लागलो. एका रविवारी दानीएलाचा उतारा आला आणि 'नबुखद्नेस्सर' या नावावर मी असा आपटलो की तिसऱ्या प्रयत्नालाही ते नाव तोंडातून निघेना. मागच्या बाकांवर पोरं हसली. उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात, माझ्याजवळ आल्या. मला वाटलं धीर देतील. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कप धुवायला माणूस कमी आहे. येशील?"

तेव्हापासून मी कप धुतो. उपासनेनंतर दीडशे माणसं चहा पितात, बाहेर नळाखाली पाटी असते. तिथे कुणी तुमचं नाव घेत नाही, आभार मानत नाही, आणि बिस्किटाचा चिखल मात्र हमखास असतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. दर वर्षी पवित्र आठवड्यात आपण ते ऐकतो. ऐकणं आणि ओल्या हातांनी उभं राहणं यात फरक आहे.

तर नवशिक्यासाठी तीन कामं सांगतो.

पहिलं : मंडळीत असं एक काम घ्या, जे कुणाला दिसत नाही. सतरंज्या घड्या घालणं, चपला सारख्या करणं, आजींना रिक्षात बसवणं.

दुसरं जड आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. माझा आणि थोरल्या भावाचा विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला होता. उपवासकाळात, राख बुधवारनंतरच्या त्या चाळीस दिवसांत, मी फोन केला. वहीत वाक्यं लिहून ठेवली होती. "दादा, मी जे बोललो ते चुकलं," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. पुढे? पुढे दिवाळीत त्याने पोरांसाठी गावाकडच्या शेंगा पाठवल्या. अजून पूर्वीसारखं नाही. पण माफी मागताना समोरून काय येईल याचा हिशेब ठेवला तर तीही सौदाच होते.

तिसरं, आणि माझ्यासाठी सगळ्यांत कठीण : घेणं. बेकारीच्या पाचव्या महिन्यात कुणीतरी दारात तांदळाची गोणी ठेवून गेलं. मी ती परत करायला निघालो होतो, कुणाची ते माहीत नसताना. बायकोने हात धरला. "देताना तुम्हाला बरं वाटतं ना? मग त्यांनाही वाटू द्या." देणारा नम्र दिसतो. घेणाऱ्याला व्हावंच लागतं.

सापळे दोन. एक, 'मी काय, मी तर धूळ' असं चारचौघांत पुन्हापुन्हा म्हणणं. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी धर्मनिष्ठ, मंदिरात स्वतःच्या पुण्याची यादी वाचतो आणि जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो. आपण ती गोष्ट ऐकून मनात म्हणतो, बरं झालं मी त्या परुश्यासारखा नाही. झालो की परुशी!

दुसरा सापळा गंभीर आहे. नम्रता म्हणजे मार खाणं नव्हे. घरात हात उचलला जात असेल, कामावर कुणी छळत असेल, तर 'सहन कर, हा तुझा क्रूस आहे' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीला ११२. आधी सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथेही करता येते.

५. भरवसा : इथे सगळे अडखळतात

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळतो. माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), त्या दिवसापुरता. काहींनी उद्यासाठी ठेवून पाहिला, त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. मला या गोष्टीत एक बारकावा उशिरा दिसला : मान्ना पडतो, पण उठून, वाकून गोळा माणसालाच करावा लागतो. ऊन चढलं की तो वितळतो.

बेकारीत मी हेच वहीत उतरवलं. रोज पानावर दोन रकाने. डावीकडे आज माझ्या हातात असलेलं : दोन ठिकाणी अर्ज, पीएफचा फॉर्म, सातपूरला एका ओळखीच्याला भेटणं, किराणा दुकानदाराला उधारीबद्दल तोंड दाखवणं. उजवीकडे माझ्या हातात नसलेलं : समोरचा फोन करेल का, पोरीची फी जून उजाडेपर्यंत जमेल का. डावा रकाना करायचा. उजवा मोठ्याने वाचून देवाला द्यायचा आणि वही मिटायची. रात्री उजवा रकाना परत हातात यायचाच. मग परत द्यायचा. एकेका रात्री चारचारदा दिलाय.

बचत करणं, विमा काढणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्याला उत्पत्तीतला योसेफ दाखवा. त्याने सुकाळाची सात वर्षं धान्य साठवलं, म्हणून दुष्काळात मिसर, म्हणजे इजिप्त, जगला. पंडिता रमाबाईंचा केडगावचा आश्रमही आठवा. शेकडो जणींच्या पोटाचा भार त्यांनी देवावर टाकला होता, आणि त्याच वेळी विहिरी खणवल्या, शेती केली, छापखाना चालवला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं आणि ते तिथल्याच बायकांनी छापलं.

आमच्या मंडळीत निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका येतात. बेमोसमी पावसाचा अंदाज आला की ते फवारणीही करतात आणि प्रार्थनेची विनंतीही पाठवतात. मी त्यांना एकदा विचारलं, नक्की भरवसा कशावर? म्हणाले, "औषध पानावर, भरवसा देवावर. अदलाबदल करायची नाही." एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि बाग गेली. त्या रविवारी काका आले. शेवटच्या बाकावर बसले. एकही गीत म्हटलं नाही, मान खाली. आम्ही कुणी त्यांना वचन ऐकवलं नाही, देवाची योजना वगैरे काही नाही, आणि आमच्या मंडळीने केलेल्या शहाण्या गोष्टींत मी ही वरची मानतो. भरवसा कसा दिसतो असं कुणी विचारलं तर मला तो शेवटचा बाक आठवतो.

मला आठव्या महिन्यात नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. मंडळीसमोर साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सांगताना, मी हे सांभाळून सांगतो. कारण समोर बसलेल्यांत एकजण असा असतो, ज्याचा अठरावा महिना चालू आहे.

सापळा, आणि हा जीवावर बेततो : बीपीची, शुगरची, फिटची गोळी बंद करायला सांगणारा कुणीही भेटला, 'विश्वास असेल तर औषध कशाला' म्हणाला, तर चप्पल पायात घाला आणि निघा. नव्या करारातला लूक स्वतः वैद्य होता. तसंच प्रार्थनेचे पैसे मागणारा, दशमांशाच्या, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाच्या, नावाखाली कर्ज काढायला लावणारा. दान मंडळीच्या पेटीत जातं, पावती मिळते, वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो. जिथे हिशेब विचारला की लोक तुमचा विश्वास मोजायला लागतात, तिथे थांबू नका.

६. घरचे बरोबर नसतील तर

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, आधी त्यांच्यापासून दुरावल्या, मग परत आल्या, आणि स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. एकाच घरात दोन माणसांचं घड्याळ असं वेगळं चालू शकतं. बायकोला, आईला, मुलांना उपदेश करू नका. जिन्यावरून खाली आल्यावर तुमचा आवाज चढा आहे की उतरलेला, हे त्यांना उपदेशापेक्षा लवकर कळतं. माझ्या मुलीने मला एकदा सरळ सांगितलं, "पप्पा, तुम्ही प्रार्थना करता त्या दिवशी कमी ओरडता. विसरलात की लगेच कळतं."

७. पहिल्या रविवारी येताना

वेळ आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी मराठी आणि इंग्रजी उपासना वेगवेगळ्या वेळी असतात, आणि नाताळ-पुनरुत्थानाच्या दिवसांत वेळा बदलतात. चपला बाहेर काढायच्या की नाही ते दाराशी पाहून ठरवा. मधल्या बाकावर बसा, म्हणजे कधी उठायचं, कधी बसायचं ते पुढच्यांना पाहून कळतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या, वेळी तुमचा बाप्तिस्मा, दृढीकरण झालेलं नसेल तर जागेवरच बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर कॅथलिकांनाच देतात. दानाची थैली फिरते तेव्हा सुटे पैसे हाताशी ठेवा, नसतील तर थैली पुढे सरकवा. गीत येत नसेल तर शेजारच्याच्या पुस्तकात बघा, तो पुस्तक तुमच्याकडे वळवेलच.

उपासना संपल्यावर लगेच पळू नका, चहा असतो. बाहेर नळापाशी सध्या कप धुवायला मी आणि बाई, दोघंच आहोत. बाईंचे गुडघे दुखतात.